तुझ्या बायोडाटात तू कुठं आहेस?

अगं, तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला बायोडाटा वाचला. तुझी उंची कळली, वडिलांचा व्यवसाय कळला, धर्म आणि जात कळली, वाचनाची अन् गाणी ऐकण्याची आवड कळली. तुला काम काय येतं, ते मात्र कुठंच सापडलं नाही. आणि मला तर चांगलं माहीत आहे तुला काय काय येतं! जीव तुटला, म्हणून हे लांबलचक लिहायला बसले.

दोष तुझा नाही. आपल्याकडं स्थळ बघताना जो कागद फिरतो, त्याच साच्यातून नोकरीचा कागदही निघतो. तालुक्याच्या झेरॉक्स सेंटरवर एक जुनी फाईल असते. तो पोरगा त्यात नाव, गाव, टक्के बदलतो आणि प्रिंट हातात देतो. वाळूजला आमच्या कंपनीत अर्ज चाळायला मी बसते, तेव्हा बीड-परभणीकडून आलेले असे अर्ज एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं इतके सारखे असतात. वरचं 'ऑब्जेक्टिव्ह' तर शब्द न् शब्द तेच : आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावायचा आहे. ते वाक्य आधी काढ.

जात, धर्म, लग्न झालं की नाही, वडील काय करतात, हेही काढ. सरकारी भरतीचं वेगळं. तिथं प्रवर्ग विचारतात, तो भरायचा आणि प्रमाणपत्रही जोडायचं. खासगी नोकरीत हे सहसा कुणी मागत नाही, आणि दिल्यानं नुकसान होऊ शकतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वर्तमानपत्रांतल्या 548 जाहिरातींना त्यांनी 4808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखंच असूनही उच्चवर्णीय हिंदू नावांच्या मानानं दलित नावांना पुढचं बोलावणं कमी आलं, मुस्लिम नावांना त्याहूनही कमी. आपलं नाव आपण लपवायचं नाही, का लपवावं? पण जातीची वेगळी ओळ लिहून समोरच्याच्या मनातल्या अढीला आयतं निमित्त कशाला द्यायचं?

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. तू लिहिलंयस, 'अनुभव : निरंक'. निरंक? दिवाळी झाली की तुमची टोळी कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात जाते. 2021 पासून टोळीचा हिशोब तुझ्याकडं आहे. कोणत्या कोयत्याचा किती टन ऊस गेला, वजनकाट्याची पावती कोणती, कुणाची उचल किती फिटली, मुकादमाकडं बाकी किती राहिली. तेरा कोयते म्हणजे सव्वीस माणसांच्या घामाचा पैसा तुझ्या एका वहीवर. तुझी वही आणि मुकादमाची वही जुळेना, तेव्हा सगळ्या पावत्या तारखेनं लावून तू फरक शोधून दिलास, हे तुझ्या आईनं मला किती अभिमानानं सांगितलं होतं! शहरातल्या अकाउंट्स विभागात हेच काम करणाऱ्या माणसाला महिन्याला पगार मिळतो.

ऊसतोड हा शब्द कागदावर लिहायला तुला लाज वाटते, ते मला कळतं. वर्गात कोणत्या नजरा झेलल्यास तेही माहीत आहे. तरी माझं स्पष्ट मत आहे की तो लिही. कुणाची कीव यावी म्हणून नाही, काम होतं म्हणून. असं लिही : 'ऊसतोडणी टोळीचा हिशोब, 2021 ते 2024 चे हंगाम. 13 जोड्यांची रोजची टनानुसार नोंद, वजनपावत्यांशी पडताळणी, उचल व बाकीचा हिशोब.' दोन ओळी झाल्या, पण त्यात किती, कधी, काय हे सगळं आलं. आईच्या बचत गटाच्या कर्जाच्या नोंदी तूच ठेवतेस ना? किती बायकांचा गट, किती वर्षं, ते त्याखाली लिही. आकडा खरा असू दे. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येईल आणि तुला न अडखळता बोलता येईल.

ग्रामपंचायतीतलं कामही तू गाळलंयस. ज्या योजनेतून ते मिळालं, ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली, पदवीधरांना महिना 10,000 रुपये विद्यावेतन होतं, मुदत आधी सहा महिने होती आणि मग वाढवून 11 महिने झाली. 'ती काय नोकरी नव्हती' असं तू म्हणशील. पण कार्यालय होतं, रोजची हजेरी होती, दाखल्यांच्या नोंदी तू संगणकावर भरत होतीस. तारखांसह लिही, प्रमाणपत्र मिळालं असेल तर तेही लिही. एमएस-सीआयटी तर आपल्याकडं घरटी एक असतं, नुसत्या त्या नावानं काही कळत नाही. एक्सेलमध्ये काय येतं ते सांग : बेरजेची सूत्रं, फिल्टर, दोन याद्या ताडून बघणं. मराठी टायपिंगचा वेग लिही. बी.कॉम.चे टक्के आणि वर्ष एका ओळीत बसवून टाक; दहावी-बारावीच्या तक्त्याला अर्धं पान देऊ नकोस.

पान एकच ठेव. 'द लॅडर्स' नावाच्या अमेरिकन कंपनीनं 2018 मध्ये भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेवर सरासरी 7.4 सेकंद जात होते. माझ्याही टेबलावर गठ्ठा असला की फार वेगळं होत नाही, कबूल करते. म्हणून हिशोबाचं काम वर आण, शिक्षण त्याच्याखाली. रंगीत चौकटी नकोत. काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर चौकटीतला मजकूर नीट वाचत नाही. फाईल झेरॉक्सवाल्याच्या संगणकात ठेवू नकोस. फोनवर गुगल डॉक्समध्ये स्वतः टाईप कर आणि पीडीएफ काढ. फाईलला तुझं नाव आणि पदाचं नाव दे. गुणपत्रिकेवर जसं नाव आहे, तसंच सगळीकडं. आणि नंबर असा दे, जो रिचार्ज संपून बंद पडत नाही. तुमच्या वस्तीवर तुझ्या फोनला रेंज नसते, म्हणून शेजारच्या काकांचा दुसरा नंबरही टाक, पण त्यांना तसं सांगून ठेव.

सोबतच्या पत्राचं तू विचारलंस. रेझ्युमे जवळजवळ तोच राहतो, पत्र मात्र प्रत्येक जागेसाठी नव्यानं लिहायचं. जाहिरात समोर ठेव आणि त्यांना कशाची गरज आहे ते हुडक. स्टोअर असिस्टंट हवा असेल तर त्यांची गरज एवढीच, की आलेला माल आणि नोंदलेला माल जुळावा. मग तुझं पत्र असं सुरू होऊ दे :

'आपल्या स्टोअर असिस्टंट पदासाठी अर्ज करत आहे. मी ऊसतोडणी टोळीच्या मालाची रोजची नोंद ठेवली असून वजनपावत्या आणि वही यांतला फरक शोधून दुरुस्त केला आहे. त्यानंतर ग्रामपंचायतीत संगणकावर नोंदी भरण्याचं काम केलं. एक्सेल वापरते. वाळूजला राहण्याची सोय झाली असून निवड झाल्यास आठ दिवसांत रुजू होऊ शकते.'

बस्स. 'मी गरीब कुटुंबातील आहे, मला संधी द्यावी ही विनंती' असं एक अक्षरही नको. ते वाचून मला भरून येतं, पण त्यावरून तुला कामावर घ्या असं मला साहेबांना सांगता येत नाही. जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्रही इंग्रजीत, पण आधी मराठीत विचार करून लिही आणि छोट्या वाक्यांत उतरव. राहण्याची सोय लिहिलीस तर ती खरोखर झालेली असू दे. बीडची पोरगी इथं येऊन टिकेल का, ही शंका आमच्याकडं पहिली येते.

आणि एक, हे अगदी बजावून सांगते. पहिल्या अर्जासोबत आधार, पॅन, बँक पासबुक पाठवायचं नाही. नोंदणी फी, ट्रेनिंगची फी, युनिफॉर्मचे पैसे भर म्हणणारा फोन आला, तर पुढं बोलू नकोस. कामाला घेणारी चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे मागत नाही. गावातल्या पोरींनी बापाच्या उचलीतले पैसे असे गमावलेले मी ऐकलेत.

कुठं कुठं अर्ज केलास त्याची वहीत नोंद ठेव, म्हणजे फोन आल्यावर 'कोणती कंपनी?' म्हणायची वेळ येणार नाही. नवा रेझ्युमे रविवारपर्यंत मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसते. मुलाखतीचं बोलावणं आलं तर आदल्या दिवशीच माझ्याकडं ये. पहाटेच्या एसटीनं धावतपळत यायचं नाही.