नाच शिका, तोंडाला काळं कशाला?

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि जवळच्याच एका डान्स क्लासला हिप-हॉप शिकते. क्लासच्या गॅदरिंगला यंदा तिच्या बॅचला 'आफ्रिकन डान्स' दिलाय. चेहऱ्याला आणि हातापायांना काळा रंग, डोक्यावर बारीक वेण्या, कमरेला सुतळीच्या झालरी, हातात पुठ्ठ्याचे भाले. आमच्या बिल्डिंगमध्ये एक नायजेरियन कुटुंब राहतं. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी खाली एकत्र खेळतात. लेकीला तिला कार्यक्रमाला बोलवायचंय आणि मला संकोच वाटतोय. मिस्टर म्हणतात, "लहान मुलांचा कार्यक्रम, एवढं काय त्यात?" सासरे म्हणतात, "रंग लावणं चूक असेल तर हिप-हॉपही त्यांचंच ना? मग तेही बंद करा." नक्की काय समजायचं?
— एक आई, नालासोपारा (पूर्व)

उत्तर : सासऱ्यांनी टोमणा मारला असेल, पण प्रश्न नेमका विचारलाय. म्हणून आधी त्यांनाच उत्तर देतो. हिप-हॉप बंद करू नका.

ते 'त्यांचं' आहे, यात वाद नाही. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये एका मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांपुरते पैसे जमवायचे, एवढाच तिचा हेतू. मुलींना 25 सेंट तिकीट, मुलग्यांना 50. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ होता, जमैकात जन्मलेला क्लाइव्ह कँपबेल ऊर्फ डीजे कूल हर्क. गाण्यात जिथे नुसते ड्रम वाजतात तो तुकडा आला की पोरं बेभान नाचतात, हे त्याने हेरलं होतं. मग दोन टर्नटेबलांवर एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा. त्या तुकड्याला म्हणतात 'ब्रेक', आणि त्यावर नाचणारे ते बी-बॉय. तुमची मुलगी ज्याला लॉकिंग म्हणते ते लॉस एंजेलिसच्या डॉन कँपबेलचं. पॉपिंग आलं फ्रेस्नोच्या बुगालू सॅमकडून. आपल्याकडच्या क्लासच्या बोर्डावर मात्र हे सगळं एका शब्दात बसवलेलं असतं : 'वेस्टर्न'. पोर्तो रिकोहून आलेल्यांच्या जोडीने अमेरिकेतल्या गरीब काळ्या वस्त्यांनी जे उभं केलं, ते आपण अख्ख्या पश्चिमेच्या नावावर टाकून मोकळे होतो. माझ्या मते पहिली चोरी ही, आणि ती कोणाला दिसतही नाही.

आता आपल्या गावाकडे या. सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोन्टेरो यांनी 2009 मध्ये उभा केलेला, वसई-नालासोपाऱ्याच्या पोरांचा ग्रुप 'किंग्ज युनायटेड' 2015 मध्ये सॅन दिएगोच्या जागतिक हिप-हॉप स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला. मे 2019 मध्ये 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही अमेरिकन टीव्ही स्पर्धा जिंकून त्यांनी दहा लाख डॉलरचं बक्षीस आणलं. तेव्हा परीक्षक होते जेनिफर लोपेझ, नी-यो आणि डेरेक हफ. पुढच्या वर्षी नृत्यदिग्दर्शनासाठी सुरेश मुकुंदला एमी पुरस्काराचं नामांकनही मिळालं. फेब्रुवारी 2020 मध्ये खाडीपलीकडच्या भाईंदरचा आणि अलीकडच्या नायगावचा 'व्ही अनबीटेबल' हा ग्रुप 'अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स' जिंकला.

या दोन्ही ग्रुपचे व्हिडिओ सासऱ्यांना दाखवा. गाणी आपल्या सिनेमातली आणि पोरं एकमेकांना फेकून झेलतात. उंच जाणारा तो माणसांचा मनोरा पाहिला की मला तरी थेट दहीहंडीचे थर आठवतात. एकानेही ब्राँक्सचा असल्याचा आव आणलेला नाही, कातडीचा रंग बदललेला नाही. विद्या घेतली, घाम गाळला आणि आपलं काही त्यात मिसळून ती परत मांडली. कला अशीच फिरते. हार्मोनियम आपल्याकडे आली ती युरोपातूनच, आज ती कीर्तनात आहे.

दुसऱ्याचा बसवलेला नाच जसाच्या तसा उचलणं ही मात्र निराळी गोष्ट, आणि नाचणाऱ्यांच्या जगात तिला माफी नाही. 'किंग्ज युनायटेड'च्याच पोरांवर बेतलेल्या 'एबीसीडी 2' (2015) या सिनेमाची सुरुवातच त्या आरोपाने होते.

मग काळ्या रंगात काय वाईट? मिस्टर म्हणतात तसं, एवढं काय त्यात?

या रंगाला इतिहास आहे. 1830 च्या सुमारास अमेरिकेत गोरे नट बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या गुलामांची नक्कल करू लागले. आळशी, खादाड, वेडगळ, सतत दात काढणारा असा तो काळा माणूस रंगवला जायचा, आणि खरे काळे लोक तेव्हा शेतांवर चाबूक खात होते. या खेळांना मिन्स्ट्रेल शो म्हणत. हे सगळं लांबचं वाटत असेल, तर डेव्ह कार्सनची गोष्ट ऐका. हा मिन्स्ट्रेल नट 1860-70 च्या दशकांत कोलकात्यात आणि आपल्या मुंबईतही खेळ करत होता. त्याचा गाजलेला नग कोणता? 'बंगाली बाबू'! इंग्रजी बोलायला धडपडणाऱ्या भारतीय माणसाची टिंगल, आणि प्रेक्षकांतले साहेब हसून लोळतायत. कोलकात्याचे नट अर्धेंदुशेखर मुस्तफी इतके चिडले, की त्यांनी रंगमंचावर साहेबाचीच नक्कल करून परतफेड केली. ज्या तंत्राने काळ्यांना हसले, त्याच तंत्राने आपल्यालाही हसले. आपण कोणत्या बाजूला बसायचं, हे मिस्टरांनी ठरवावं.

आपल्या सिनेमाने मात्र खुशाल साहेबांची खुर्ची धरली. 'इंतकाम' (1969) मधलं हेलनचं गाजलेलं गाणं पुन्हा बघा. पिंजऱ्यात कोंडलेला, काळा रंग फासलेला, रानटी म्हणून दाखवलेला माणूस आणि बाहेर नाचणारी हेलन. गाणं अफाट आहे, चित्र लाजिरवाणं आहे, दोन्ही खरं. पुढे 'फॅशन' (2008) मध्ये नायिका पार रसातळाला गेली हे दाखवायचं, तर सकाळी ती कोणाशेजारी जागी होते? एका काळ्या पुरुषाशेजारी. त्याला नाव नाही, गोष्ट नाही, तिच्या अधःपाताची खूण म्हणून तो तिथे ठेवलाय. याला उतारा हवा असेल तर 2018 चा मल्याळम 'सुदानी फ्रॉम नायजेरिया' बघा. केरळातल्या मलप्पुरमच्या सेव्हन्स (सात-सात जणांच्या) फुटबॉलमध्ये खेळायला आलेला नायजेरियन पाहुणा तिथे घरातला माणूस होतो. आणि त्या भूमिकेसाठी सॅम्युएल अबिओला रॉबिन्सन हा नायजेरियन नटच घेतला होता. पैसे कमी मिळाले, कारण माझा रंग, अशी तक्रार त्याने जाहीरपणे केली. नंतर ती मिटली, पण व्हायची ती चर्चा झाली.

"आपल्याकडेही सोंगं घेतातच की," असं कोणी म्हणेल. घेतात. आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे रात्रभर नाचतात. पण मुखवटा घालणारा गावातला, देव गावाचा, आणि बघणारेही तेच. शेजारणीच्या कातडीचं सोंग तिच्याच लेकीसमोर आणायचं, यात त्यातलं काही नाही.

शिवाय आफ्रिका म्हणजे भाले आणि झालरी हे कोणी सांगितलं? पन्नासहून जास्त देश आहेत तिथे. पोरं ज्यावर रिल्स करतात ते 'काम डाऊन' नायजेरियाच्या बेनिन सिटीतल्या रेमाचं. नालासोपाऱ्यातल्या नायजेरियन माणसाची बातमी छापून येते ती बहुतेक वेळा पोलीस कारवाईची. उरलेलं चित्र गॅदरिंगने पुरं करायचं, तर पोरांच्या डोक्यात काय बसेल? आणि आफ्रिकेशी आपली ओळख कालची नाही. मलिक अंबर इथियोपियात जन्मला आणि निजामशाहीचा वजीर झाला. जंजिऱ्यावर आफ्रिकेतूनच आलेल्या सिद्दींचं राज्य 1948 पर्यंत होतं. उत्तर कन्नडमधले सिद्दी आज रंगभूमीवर आहेत, आणि प्रशांत सिद्दी हा नट कन्नड सिनेमात नाव कमावून आहे.

वेण्यांचं फार मनावर घेऊ नका. अमेरिकेत या केशरचनेवरून काळ्या मुलांना शाळेत आणि मोठ्यांना नोकरीत त्रास झाला, म्हणून 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने त्याविरुद्ध कायदाच केला. त्यामुळे तिथे हा विषय नाजूक आहे. रंग फासण्याच्या पंक्तीला मी वेण्यांना बसवणार नाही. पण घालायच्याच असतील तर गंमत म्हणून घालू नयेत, आणि शेजारीण घालून देणार असेल तर तिला रीतसर पैसे द्यावेत.

अजून एक गोष्ट. अशाच गॅदरिंगमध्ये 'आदिवासी नृत्य' म्हणून पोरांना पानं बांधून हुईहुई करत नाचवतात. खरं म्हणजे वारल्यांचा तारपा इथून फार लांब नाही. सुकवलेला भोपळा, बांबू, ताडाची पानं आणि मेण यांचं ते वाद्य. वाजवणारा मध्ये, बाकीचे हात गुंफून त्याच्याभोवती, आणि तारप्याकडे पाठ फिरवायची नाही ही रीत. बायका गुडघ्यापर्यंतचं लुगडं नेसतात, पानं नाही. वारली माणसाला स्टेजवरचा तो पानांचा घागरा बघून काय वाटत असेल, ते तुमच्या शेजारणीला काळ्या रंगाचं वाटेल.

तेव्हा क्लासच्या सरांना शांतपणे भेटा. भांडायला नको, ते वाईट माणूस असतील असं नाही. रंग आणि भाले काढा, नाच ठेवा म्हणावं. गाणं एखाद्या खऱ्या नायजेरियन गायकाचं घ्या आणि कार्यक्रमपत्रिकेवर 'आफ्रिकन डान्स' न लिहिता गायकाचं नाव आणि देश लिहा. शेजारणीलाही आधी विचारा, तिला याहून चांगलं गाणं माहीत असेल. आणि हे सगळं याच आठवड्यात करा. मेकअपवाल्याला ॲडव्हान्स गेला की मग सर कोणाचंच ऐकणार नाहीत.