आधी जुनं का गेलं ते बघ

माले, ता. मुळशी

चि. बाळास,


फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतोस आणि शेवटी मनातलं तेच करतोस, म्हणून हे कागदावर लिहितोय. इंजिन बदलायचं ठरवलंस, त्याला माझी ना नाही. चॅसी धड आहे, गिअरबॉक्स कुरकुरत नाही, हप्तेही फिटलेत. अशी टाटाची १६१३ गाडी कोण भंगारात घालतो?

निम्म्या पैशात इकडेच बोअर करून देतो, असं सांगणारे भेटतील. त्यांना एवढंच विचार, की कमिन्सचं ५.९ आधी कधी केलंय का. माझ्या जुन्या १२१० गाडीचं इंजिन ६९२ होतं. सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटरचा बोअर, नावातच सगळं. लायनर झिजले की जुने काढायचे, नवे बसवायचे. तुझ्या इंजिनाला लायनरच नाहीत, पिस्टन थेट ब्लॉकमध्ये चालतं. बोअर मारायचा तो ब्लॉकलाच, आणि लेथवाल्याचा हात हलला तर ब्लॉकच बिघडतो. त्यापेक्षा टाटांच्या प्रोलाइफ योजनेत जुनं इंजिन जमा करून कंपनीत बनवलेलं घेणं बरं. तिथे इंजिन पूर्ण खोलतात, क्रँक मापतात, तडा आहे का तपासतात, झिजलेलं फेकतात आणि वॉरंटी देतात. पैसे जास्त लागतील, लागू दे.

जमा करायचं इंजिन मात्र सगळं आणि शाबूत हवं. ‘एकदा स्टार्ट मारून बघतो’ म्हणत किल्ली फिरवू नकोस. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर त्या जुन्याचे पैसे कोणी धरणार नाही. कोणी दोस्त अल्टरनेटर मागायला आला तर त्यालाही वाटेला लाव. आणि नव्यासोबत पंप, टर्बो, वॉटर पंप येतंय की नुसता ब्लॉक आणि हेड, हे बिलावर लिहून घे.

आता खरं सांगायचं ते. तू सगळ्यांना विचारलंस, इंजिन कुठून घेऊ. जुनं का गेलं, हे एकालाही विचारलं नाहीस.

काल दुपारी गाडीखाली दोन तास होतो. फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी होज काढला. वरून बघितलं तर चांगला काळा कुळकुळीत. खालच्या बाजूला, क्लिपच्या काठाशी, बोटाच्या पेराएवढी चीर. कोणीतरी क्लिप जीव खाऊन आवळली होती, तिनेच रबर कापलं. आत बोट घातलं तर पिठासारखी खडीची धूळ, तेलात कालवलेली. टॉर्च लावून टर्बोचा पंखा बघितला. पात्यांच्या कडा झिजून बोथट झाल्यात. तू दर महिन्याला फिल्टर बदलत होतास, शाबास; पण हवा फिल्टरच्या पुढून आत शिरत होती. क्रशरवर दिवसभर उभी राहणारी गाडी ती, रिंगा किती दिवस टिकणार? म्हणून ती तेल खायला लागली आणि ब्रीदरमधून धूर काढायला लागली. डिझेलला कशाला शिव्या देतोस?

हाच होज ठेवून कंपनीचं इंजिन बसवलं असतंस, तर ते पण याच वाटेने गेलं असतं. मी हे करून चुकलोय. १२१० ला बनवून आणलेलं इंजिन चढवलं आणि ऑइल कूलर जुनाच ठेवला, चार पैसे वाचले म्हणून खूश. आधीच्या इंजिनाच्या बेअरिंगचा चुरा त्या कूलरच्या नळ्यांत बसलेला. ऐन पावसाळ्यात ताम्हिणीच्या चढाला ऑइलचा काटा खाली आला. गाडी बाजूला घेतली, ताडपत्रीखाली रात्र काढली. तुझी आई तेव्हा लहान होती, डबा घेऊन आलेल्या माणसाबरोबर हट्टाने आली होती. तिला विचार, मी किती बोललो होतो त्या रात्री.

तेव्हा ऑइल कूलर नवाच टाक, धुऊन भागवू नकोस. इंटरकूलर असेल तर तोही आतली तेल-धूळ काढून स्वच्छ करून घे. रेडिएटर खोलून रॉडिंग करून घे. ओढ्याचं पाणी भरत होतास, त्याचा गाळ नक्की असणार. पुढे कूलंटच. इंजिन खाली उतरलेलं असेल तोवर क्लच प्लेट, माउंटिंग बघून घे, परत उतरवायचा खर्च वाचेल. पहिल्यांदा चालू करण्याआधी टर्बोच्या ऑइल नळीच्या तोंडात ऑइल सोड आणि डिझेल बंद ठेवून, काट्यावर प्रेशर दिसेपर्यंत नुसतं फिरव. चालू झालं की तासभर रिकामं घुरघुरत ठेवू नकोस, त्याने बोअर चकचकीत होतो आणि रिंगा नीट बसत नाहीत. हलका माल टाक, पिरंगुट-पौड-माले कर, रेस बदलत राहा. पहिलं ऑइल सांगतील त्याच्या आधी बदललंस तरी चालेल.

कागदाचं विसरू नकोस. आरसीवर इंजिन नंबर आहे. इंजिन हलवण्याआधीच आरटीओत जाऊन परवानगीचं विचार. बदल झाल्यावर चौदा दिवसांत कळवायचं असतं. विमावाल्यालाही सांग. नंबर जुळला नाही तर क्लेमच्या वेळी बोंब.

कापलेला होज मी टाकून दिलेला नाही, ओसरीवर खुंटीला अडकवलाय. रविवारी येशील तेव्हा स्वतः आत बोट घालून बघ. तुझ्या मामीला होज तिथे नकोय, तेव्हा रविवार चुकवू नकोस.

तुझा मामा