बाळाला छातीशी धरा, म्हाताऱ्यांजवळ बसा

पावणेदोन किलोचं बाळ जन्मलं की घर घाबरतं. अमरावतीचं डफरीन असो की अकोल्याचं लेडी हार्डिंग, आजीचं म्हणणं एकच: ‘‘डॉक्टर, पेटीत ठेवा ना माह्या नातवाले.’’ आजी, पेटी लागेल तिथे आम्ही ठेवूच. पण अशा बहुतेक बाळांना आईची छाती पेटीइतकीच, कित्येकदा जास्त उपयोगाची असते.

१९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी, पेट्या कमी पडत होत्या म्हणून, बाळं आयांच्याच छातीशी बांधायला सुरुवात केली. आपल्याकडच्या सिस्टर ज्याला ‘केएमसी’ म्हणतात, ते हेच. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत याचा मोठा अभ्यास केला. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. २०२१ मध्ये त्याचा निकाल आला. एक ते १.८ किलो वजनाच्या ज्या बाळांना जन्मताच आईच्या अंगाशी ठेवलं, त्यांच्यात पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. इतका फरक पाडणारी औषधं आम्हा डॉक्टरांकडेही फार नाहीत.

करायचं कसं? बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. आईच्या उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला वळवलेली, नाक मोकळं, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून ओढणी किंवा मऊ लुगडं बांधा. एका वेळी किमान तासभर, आणि दिवसभरात जितके तास जमतील तितके. आई थकली की बाबांनी घ्यावं. आपल्याकडे बाप इथे लाजतो. लाजू नका, तुमची छातीही तेवढीच उबदार आहे. बाळाचं अंग उबदार राहतं, श्वास लयीत येतो, आईला पान्हा चांगला फुटतो, आईच्या अंगावरचे निरुपद्रवी जंतू बाळाचं रक्षण करतात. उन्हाळ्यातही हे चालतं. कपडा पातळ घ्या, कूलरचा झोत थेट अंगावर नको. मात्र बाळ दूध ओढेनासं झालं, गार पडलं किंवा मिनिटाला ६० हून जास्त श्वास घेऊ लागलं, तर लगेच दवाखाना गाठा.

मोठ्यांच्या शरीरालाही माया लागते. अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लनस्टॅड यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले. ज्यांची नाती घट्ट, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जगण्याची शक्यता जवळपास दीडपट दिसली. २००५ च्या दुसऱ्या एका प्रयोगात सतत कडवट भांडणाऱ्या नवरा-बायकोंच्या अंगावरच्या लहान जखमा इतरांपेक्षा सावकाश भरल्या. ताण असला की कॉर्टिसॉल वाढतं, आणि ते जास्त काळ चढलेलं राहिलं की प्रतिकारशक्ती मंदावते.

यामागे आणखी एक साधं कारण आहे. ज्याची कोणी विचारपूस करत नाही, तो गोळ्याही घेत नाही. अमरावतीच्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी हे ओळखलं होतं. घरच्यांनी ज्यांना शिवणं सोडलं, अशा कुष्ठरोग्यांसाठी त्यांनी तपोवन उभं केलं. औषधासोबत काम दिलं, घर दिलं. आज कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, तरी डाग लपवून घरात बसणारे रुग्ण आहेतच. त्यांना दवाखान्यापर्यंत घरचं माणूसच आणू शकतं.

एक तक्रार मात्र करतोच. आपल्या वऱ्हाडात माया ताटात वाढली जाते. शुगर असलेल्या पाहुण्याला ‘‘एका पोळीनं काय होते?’’ म्हणून पुरणपोळीचा आग्रह करू नका. त्याऐवजी जेवण झाल्यावर त्याच्यासोबत अर्धा तास चाला, बोला. बीपीच्या आजोबांची गोळी त्यांच्या हातावर ठेवा आणि ती घेईपर्यंत तिथेच बसा.

मुलं पुण्या-मुंबईला आणि आईवडील गावात, अशी घरं आता पुष्कळ. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा रात्रीच्या फोनसोबत दुपारी दोन वाजताही एक फोन करा. पाणी प्यायलात का, लघवी झाली का, हे विचारा. बोलणं असंबद्ध वाटलं किंवा फोन उचलला गेला नाही, तर शेजाऱ्यांना लगेच घरात पाठवा. अंग तापलेलं आणि शुद्ध हरपलेली असेल तर सावलीत घेऊन अंगावर पाणी मारायला सांगा, तोंडात पाणी ओतू नका, आणि १०८ ला फोन करा.