१:८७ चं गणित

आमच्या दुसरबीडला रेल्वे नाही. इंजिन बघायचं तर जालना गाठायचं. तिथंच लहानपणी मालगाडीला जुंपलेलं डब्ल्यूडीएम-२ पाहिलं अन् वेड लागलं. १९६२ साली अमेरिकेच्या अल्कोकडून आलेलं, पुढे वाराणसीत बनलेलं हे २६०० अश्वशक्तीचं धूड.

पण मित्रांनो, मॉडेल म्हणजे खेळणं नव्हे, मोजमाप! पुण्याच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयातलं एचओ प्रमाण, म्हणजे १:८७ घेतलं, तर १७.१२ मीटरचं इंजिन १९.७ सेंमी भरतं. गोची रुळांत आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी. भागिले ८७ केलं की १९.३. बाजारातला एचओ रूळ मात्र १६.५, कारण तो १४३५ मिमीच्या परदेशी गेजचा. म्हणजे चाकं आत ओढा, जवळपास ३ मिमीचा खोटेपणा करा, नाहीतर रूळही स्वतःच बनवा. मी रूळ बनवले.

दिवाळीच्या सुट्टीत पुठ्ठ्याचं इंजिन उभं केलं. बोगीचे तिन्ही आस सारख्या अंतरावर बसवले. बाबा एसटीत मेकॅनिक. त्यांनी फोटो शेजारी धरला अन् म्हणाले, "मधला आस सरकलेला दिसतो का बघ."

खरंच की! मूळ बोगीत अंतरं असमान आहेत. प्रत्येक आसाला ट्रॅक्शन मोटर, तिला जागा नको का? दहा दिवसांचं काम उसकटलं. नवी बोगी सध्या रूम पार्टनरच्या टेबलाखाली वाळतेय. पाय जपून ठेवा.