दोन स्विच, एकच यूपीएस

छापखाना, वास्तुविशारदाचे कार्यालय किंवा महाविद्यालयातील एखादा विभाग अशा ठिकाणी दोन-तीन साठवण सर्व्हर बसवताना जाळ्याची बिघाडसहिष्णुता, म्हणजे एखादा घटक निकामी झाला तरी काम चालू ठेवण्याची क्षमता, बहुधा घटकांच्या संख्येवरून ठरवली जाते. दोन स्विच आणि प्रत्येक सर्व्हरला दोन केबल दिसल्या की मांडणी सुरक्षित मानली जाते. हे दोन्ही घटक एकाच कारणाने एकाच वेळी बंद पडू शकतील का, हा खरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

एका लहान कार्यालयातील मांडणी या दृष्टीने बोलकी आहे. तेथे स्विच दोन होते, परंतु दोघांचेही अ‍ॅडॉप्टर कपाटामागच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेले होते आणि तो बोर्ड ज्या यूपीएसवर होता त्याची बॅटरी जुनी झालेली होती. वीज जाताच दोन्ही स्विच बंद पडले, तर वेगळ्या यूपीएसवर असलेले दोन्ही सर्व्हर चालूच राहिले. मात्र त्यांचा परस्परसंपर्क तुटला. समोरचा सर्व्हर बंद पडला आहे असे गृहीत धरून प्रत्येकाने मुख्य सर्व्हरची भूमिका घेतली, एकच आभासी यंत्र दोन्हीकडे चालू झाले आणि एकाच डेटाच्या दोन विसंगत प्रती तयार झाल्या. या अवस्थेला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. ती नुसत्या बंद पडण्यापेक्षा कितीतरी घातक असते, कारण अखेरीस दोहोंपैकी एका प्रतीतील नवे काम टाकून द्यावे लागते. तिच्यावरचा उपाय म्हणजे क्वोरम, अर्थात बहुमताचा नियम: तिसरे एक लहानसे साक्षीदार यंत्र ठेवावे, त्यावर डेटा नसला तरी चालेल, परंतु त्याची वीज स्वतंत्र असावी, आणि ज्या सर्व्हरला तिघांपैकी दोघांचे बहुमत जुळवता येत नाही त्याने लेखन थांबवावे. सर्व्हर केवळ दोनच असतील तर त्यांच्यात स्विच वगळून एक थेट केबलही टाकावी. तिचा खर्च नगण्य असतो.

दोन केबल एकत्र बांधण्याच्या, म्हणजे बाँडिंगच्या, बाबतीतही असाच गैरसमज आढळतो. २००० साली प्रमाणित झालेल्या ८०२.३एडी पद्धतीत अनेक जोडण्या एक होऊन काम करतात, तरी एका गटातील सर्व केबल सामान्यतः एकाच स्विचमध्ये, किंवा स्वतःला एकच स्विच म्हणून दाखवणाऱ्या जोडीत, जाव्या लागतात. साध्या स्विचना हे जमत नाही. शिवाय एका संगणकाकडून चाललेली एकच नक्कल सहसा एकाच केबलवरून जाते, त्यामुळे एक गिगाबिटच्या दोन केबल जोडल्या तरी तिचा वेग सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइटच्या आसपासच राहतो. म्हणून लहान मांडणीत एक केबल कामात आणि दुसरी राखीव ठेवणारी ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’ पद्धत, आणि त्या दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये, हीच निवड योग्य ठरते. येथेही एक खाच आहे: केवळ पोर्टमधील विद्युतसंकेत तपासणारी यंत्रणा दिवा पेटलेला पाहून समाधान मानते, पुढचा मार्ग तुटलेला असला तरी. म्हणून पलीकडच्या पत्त्याला ठरावीक काळाने एआरपी विनंती पाठवून उत्तर येते का हे पाहणारी तपासणी वापरावी.

दोन स्विच एकमेकांना दोन केबलींनी जोडले की जाळ्यात वर्तुळ तयार होते आणि संदेश त्यात अखंड फिरत राहून जाळे गुदमरते. हे टाळणारी स्पॅनिंग ट्री पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये विकसित केली. परंतु तिचे मूळ रूप मार्ग बदलायला ३० ते ५० सेकंद घेते. लिनक्समध्ये जाळ्यावरून जोडलेल्या एससीएसआय डिस्कच्या उत्तराची प्रतीक्षा मूळ मांडणीनुसार ३० सेकंदच केली जाते, म्हणजे जाळे सावरण्याआधीच डिस्क हरवल्याचे समजले जाऊ शकते. स्विचमध्ये २००१ साली प्रमाणित झालेले जलद रूप चालू आहे ना, हे म्हणूनच आधी पाहावे.

राखीव मार्गाचा मोठा दोष असा की तो पहिला बिघाड झाकून टाकतो. केबल तुटते, काम चालूच राहते, कोणाला पत्ताही लागत नाही, आणि काही महिन्यांनी दुसरी केबल गेली की सर्व काही एकदम थांबते. प्रत्येक जोडणी तुटल्याची सूचना जबाबदार माणसाच्या मोबाइलवर जाईल, अशी सोय नसेल तर दुसरी केबल विकत घेण्यात फारसा अर्थ उरत नाही.

मांडणीवर खरा डेटा ठेवण्यापूर्वी मोठ्या फाइलची नक्कल होत असताना एक केबल हाताने उपसावी, ती परत लावावी, मग एका स्विचचा प्लग काढावा आणि शेवटी एक यूपीएस बंद करावा; स्विच आज्ञा देऊन रीतसर बंद करणे ही चाचणी नव्हे, कारण खरा बिघाड पूर्वसूचना देऊन येत नाही. नक्कल चालू राहिली का आणि सूचना आली का, हे दोन्ही लिहून ठेवावे, आणि कोणताही स्विच, केबल किंवा बॅटरी बदलली की हीच चाचणी पुन्हा करावी.