शिष्यवृत्तीचं टेबल

योजना मुंबईत ठरतात, पण गावाकडची मुलगी पुढे शिकणार की घरी बसणार, हे पुष्कळदा एका दाखल्यावर अडतं. म्हणून प्रत्येक कॉलेजात शिष्यवृत्तीचं एक टेबल हवंच. एक शिक्षक, पदवीची दोन जाणती मुलं, एक लॅपटॉप आणि एक जाड वही, एवढ्यावर ते चालतं.

कामाला बारावीच्या वर्गापासूनच लागा. राखीव प्रवर्गातल्या मुलांचे जातपडताळणीचे अर्ज कॉलेजमार्फत तेव्हाच समितीकडे जाऊ द्यात. निकालानंतर सगळा जिल्हा त्याच खिडकीवर येतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र एप्रिल उजाडल्यावर नवा काढायला सांगा, कारण जुन्याची मुदत 31 मार्चला संपते.

मग योजना. अनुसूचित जातीच्या मुलांना पालकांचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप. खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, मर्यादा आठ लाख. तेवढ्याच मर्यादेत ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. हे घराघरात पोचलेलं नाही, मुलींच्या आयांना बोलावून सांगा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो बँक खात्याला. एक मुलगी जिल्हा बँकेचं पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आली होती. महाडीबीटीवर रक्कम जमा दिसत होती, पासबुकात दमडी नव्हती. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या दुसऱ्याच खात्याशी तिचं आधार जोडलं गेलं होतं. पैसे पासबुक पाहून येत नाहीत, आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. तेव्हा आधारच्या संकेतस्थळावर जोडलेली बँक कोणती ते विद्यार्थ्यासमोर बघा आणि वहीत लिहा. चुकीची असेल तर हव्या त्या बँकेत संमतीपत्र द्यायला लावा, आठवड्याने पुन्हा तपासा. अर्ज त्यानंतर.

अर्जात मोबाइल नंबर विद्यार्थ्याचा स्वतःचाच घाला. नेटकॅफेवाल्याचा घातला की अर्ज परत आल्याचा निरोप त्याच्याकडे पडून राहतो. भरलेला अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्येही अडकतो, तेव्हा दर शनिवारी कारकुनाशेजारी बसून छाननीची यादी पाहा.

नामंजूर झालेल्या प्रत्येक अर्जाचं कारण वहीत नोंदवा. मार्चमध्ये त्यांची बेरीज करून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना प्राचार्यांच्या सहीने पत्र पाठवा. ज्या मुलामुलींना पुढे शिक्षणधोरणात काम करायचं आहे, त्यांच्याकडेच ही वही सोपवा. नियम कुठे कुणाला अडवतो हे त्यांना इथे कळेल, आणि ते कळल्याशिवाय या क्षेत्रात कुणी येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यंदा कॉलेज उघडेल त्या दिवशी टेबल मांडा. ऑफिसच्या खिडकीपाशी नको, फाटकाजवळ मांडा.