एक इंजिन की दोन? सागरी मासेमारी नौकेतील भांडवल, जोखीम आणि अनुदान

वाराणसीत मंगला गौरी मंदिराजवळून पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरल्यावर प्रवाशांची वाट पाहणाऱ्या नावांची रांग दिसते. यांपैकी मोटर बसविलेल्या नावेवर सामान्यतः एकच इंजिन असते. ते मध्येच बंद पडले तर नावाडी वल्हे हाती घेतो. किनारा काही शे मीटरवरच असतो आणि शेजारची नाव हाकेच्या अंतरावर असते. अशा ठिकाणी दुसऱ्या इंजिनावर खर्च करणे म्हणजे भांडवल निष्कारण अडकवून ठेवणे होय. अलीकडच्या वर्षांत तेथील शेकडो नावांची डिझेल इंजिने बदलून सीएनजीवर चालणारी इंजिने बसविण्यात आली व त्यासाठी गेल या सार्वजनिक कंपनीने आपल्या सामाजिक दायित्व निधीतून साहाय्य केले. तेथे प्रश्न होता तो इंधनाचा आणि खर्च कोणी सोसायचा याचा. इंजिनांच्या संख्येचा प्रश्न उद्भवलाच नाही.

तेच इंजिन कोकण किनाऱ्यापासून वीस सागरी मैलांवर बंद पडल्यास परिस्थिती पूर्णपणे बदलते. वल्ह्याने तेवढे अंतर कापता येत नाही, वारा व प्रवाह नौकेला कोठेही नेऊ शकतात आणि मोबाईल दूरध्वनीचा संपर्क किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच तुटतो. म्हणून खोल समुद्रात जाणाऱ्या लहान नौकेच्या मालकापुढे, मोठ्या शक्तीचे एक इंजिन घ्यावे की तेवढीच शक्ती दोन इंजिनांत विभागावी, हा निर्णय येतो. वरवर पाहता तो यंत्रकुशल माणसाचा निर्णय वाटतो. प्रत्यक्षात त्यात भांडवलाची निवड, जोखमीचे मूल्य, सामायिक साधनसंपत्ती आणि अनुदानाचे धोरण हे अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमातील चार विषय एकत्र आलेले आहेत.

यांत्रिक आणि मोटरचलित

मत्स्यव्यवसायाच्या आकडेवारीत या दोन संज्ञांचा अर्थ भिन्न आहे आणि परीक्षार्थींची येथे वारंवार गल्लत होते. नौकेच्या पोटात कायमचे बसविलेले, बहुधा डिझेलवर चालणारे इंजिन असेल तर ती यांत्रिक नौका. पारंपरिक किंवा फायबरच्या होडीच्या मागील बाजूस अडकविलेले, काढता-घालता येणारे आऊटबोर्ड इंजिन असेल तर ती मोटरचलित नौका. केवळ वल्हे व शीड यांवर चालणारी ती बिगर-यांत्रिक.

२०१० च्या सागरी मत्स्यव्यवसाय गणनेनुसार देशात १,९४,४९० नौका होत्या. त्यांपैकी सुमारे ३७ टक्के यांत्रिक, जवळपास तितक्याच मोटरचलित आणि २६ टक्के बिगर-यांत्रिक होत्या. राज्यवार चित्र मात्र फार वेगळे आहे. महाराष्ट्रातील १७,३६२ नौकांपैकी १३,०१६ यांत्रिक आणि अवघ्या १,५६३ मोटरचलित होत्या. केरळमधील २१,७८१ नौकांपैकी ४,७२२ यांत्रिक, तर ११,१७५ मोटरचलित होत्या. म्हणजे महाराष्ट्राने पोटातील डिझेल इंजिनाचा मार्ग स्वीकारला, तर केरळने मागे लटकणाऱ्या इंजिनाचा.

या फरकामागे भूगोल आहे, तसेच संस्थात्मक इतिहासही आहे. पालघर, मुंबई, रायगड या पट्ट्यात खाड्या व आडोशाची बंदरे आहेत. जड नौका तेथे नांगरता येते. केरळच्या बऱ्याच भागात होडी थेट वाळूवर ओढून घ्यावी लागते, आणि पंखा पाण्याबाहेर उचलता येणारे इंजिन तेथे सोयीचे ठरते. संस्थात्मक कारण असे की, महाराष्ट्रात मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत डिझेलचा पुरवठा व त्यावरील विक्रीकराची प्रतिपूर्ती, तसेच राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून यांत्रिक नौकांची बांधणी अशी व्यवस्था रुजली. डिझेलवरील सवलत पेट्रोलवर चालणाऱ्या आऊटबोर्डला अर्थातच मिळत नाही. कोकणात नौकेची ओळख ‘तीन सिलिंडरची’, ‘सहा सिलिंडरची’ अशी सांगितली जाते, ती याच परंपरेमुळे. केरळमध्ये १९५२ च्या भारत-नॉर्वे प्रकल्पाने यांत्रिकीकरणाचा आरंभ केला खरा, परंतु पारंपरिक होड्यांवर आऊटबोर्ड इंजिने झपाट्याने आली ती १९८० नंतर, आणि त्यांना बळ मिळाले ते सवलतीच्या केरोसीनचे. कोणते तंत्र स्वस्त आहे यापेक्षा कोणत्या इंधनावर सवलत आहे याला येथे अधिक महत्त्व प्राप्त झाले.

दुसऱ्या इंजिनाचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका इंजिनात समुद्रात बिघाड होण्याची शक्यता दर २०० फेऱ्यांत एक आहे आणि नौका वर्षाला २०० फेऱ्या करते. एक इंजिन असलेली नौका सरासरीने वर्षातून एकदा समुद्रात अडकेल. दोन इंजिने असतील आणि त्यांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर एकाच फेरीत दोन्ही बंद पडण्याची शक्यता ४०,००० फेऱ्यांत एक, म्हणजे दोनशे वर्षांतून एकदा इतकी कमी होते. विक्रेता हेच गणित सांगतो.

या गणितातील कच्चा दुवा ‘स्वतंत्र’ या शब्दात आहे. दोन्ही इंजिनांना इंधन एकाच टाकीतून जात असेल आणि त्यात पाणी मिसळले असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद पडतील. जाळ्याचा दोर दोन्ही पंख्यांत गुंतू शकतो. दोन्ही इंजिने एकाच वयाची, एकाच कारागिराने एकाच हलगर्जीपणाने दुरुस्त केलेली असू शकतात. अशा समान कारणाने हजार फेऱ्यांतून एकदा जरी बिघाड होत असेल, तरी दोनशे वर्षांचा दिलासा पाच वर्षांवर येतो. याचा अर्थ असा की, वेगळी टाकी आणि वेगळी इंधननळी नसलेले दुसरे इंजिन आपल्या किमतीच्या मानाने फारच थोडी सुरक्षितता देते; वेगळी टाकी व इंधन गाळणारे साधे उपकरण यांचा खर्च इंजिनाच्या किमतीपुढे किरकोळ असतो. शिवाय दोनपैकी किमान एक इंजिन बिघडण्याचे प्रसंग वर्षाला एकावरून सुमारे दोनवर जातात. अडकून पडण्याचे प्रमाण घटते, दुरुस्तीचे मात्र दुप्पट होते.

आता वेगाचा विचार करू. पाणी कापत संथ जाणाऱ्या जड नौकेला लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा उलट परिणाम सुखद आहे: शक्ती निम्मी झाली तर वेग निम्मा होत नाही, तो सुमारे ७९ टक्के राहतो. समजा, ४० अश्वशक्तीवर ताशी सात सागरी मैल जाणारी नौका किनाऱ्यापासून २१ मैलांवर आहे. सर्व ठीक असेल तर परतीस तीन तास लागतात. वीस-वीस अश्वशक्तीच्या दोन इंजिनांपैकी एक बंद पडले, तर सुमारे पावणेचार तास. मोठे इंजिन ४० अश्वशक्तीचे एकच ठेवून सोबत सुमारे दहा अश्वशक्तीचे लहान राखीव इंजिन बाळगले, तर मुख्य इंजिन बंद पडल्यावरही नौका सुमारे पावणेपाच तासांत घरी पोहोचते. प्रत्यक्षात पंख्याची ठेवण व समोरचा वारा यांमुळे यापेक्षा अधिक वेळ लागेल. तथापि तुलनेचा कल तोच राहतो. पाण्याच्या पृष्ठावर उचलून धावणाऱ्या हलक्या फायबर नौकेस हा नियम लागू पडत नाही. शक्ती घटताच ती पुन्हा पाण्यात बसते आणि तिचा वेग एकदम कोसळतो.

पहिल्या प्रकारच्या नौकेसाठी ‘एक की दोन’ या प्रश्नात म्हणूनच तिसरा पर्याय दडलेला आहे. समान शक्तीची दोन इंजिने दररोज वजन आणि पाण्याचा अवरोध वाढवतात व इंधन अधिक जाळतात. लहान राखीव इंजिन पाण्याबाहेर उचलून ठेवता येते आणि गरजेपुरतेच चालते. सीमांत खर्चाच्या भाषेत सांगायचे तर, अडकून पडण्याचा धोका टाळणारी शेवटची दहा अश्वशक्ती अतिशय मोलाची असते, त्यापुढची अश्वशक्ती केवळ वेळ वाचवते. अट एवढीच की राखीव इंजिन नियमितपणे सुरू करून पाहिले पाहिजे. महिनोन्महिने न चालविलेले इंजिन केवळ ओझे असते.

येथे हेही नमूद केले पाहिजे की समूहाने जाणाऱ्या नौकांना सोबतीची नौका हेच दुसरे इंजिन असते. बंद पडलेली होडी दोरखंडाने ओढून आणण्याची रीत ही कोणत्याही करारावाचून चालणारी विमा पद्धती आहे. मासे विरळ होऊन नौका एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या की हा विमा आपोआप दुबळा होतो.

निर्णय कोणाचा, जोखीम कोणाची

वाटा पद्धतीत मासळीच्या विक्रीतून डिझेल, बर्फ इत्यादी खर्च आधी वजा होतो व उरलेल्या रकमेचे मालक आणि खलाशी यांच्यात वाटप होते. यावरून असे दिसते की इंधनाचा वाढीव भार सर्वांवर पडतो, इंजिनाची किंमत व कर्जाचे हप्ते मालकावर पडतात, आणि प्राणांची जोखीम जे नौकेवर असतात त्यांच्यावर. तांडेल स्वतःच मालक असेल तर या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हिशेबात येतात. मालक किनाऱ्यावर राहत असेल तर दुसऱ्या इंजिनाचा सर्वांत मोठा लाभ त्याच्या जमाखर्चात दिसतच नाही. अर्थशास्त्रात ज्याला बाह्यता म्हणतात तिचे हे उदाहरण पाठ्यपुस्तकातील कारखान्याच्या धुरापेक्षा अधिक बोलके आहे.

सुरक्षिततेसाठी की शक्तीसाठी

केरळमधील अनुभव आणखी एक बाजू उघड करतो. आरंभी दहा अश्वशक्तीच्या आतील एक इंजिन पुरेसे होते. पुढे वेढा जाळ्याने थवा घेरणाऱ्या मोठ्या होड्यांवर दोन, प्रसंगी तीन आऊटबोर्ड इंजिने आली, तीही ४० अश्वशक्तीपर्यंतची. ही वाढ सुरक्षिततेच्या गरजेतून झाली नाही. शेजाऱ्याची होडी थव्यापर्यंत आधी पोहोचते, म्हणून आपलीही अधिक वेगवान हवी, या स्पर्धेतून ती झाली. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मांडलेले विवेचन येथे तंतोतंत लागू पडते: मासे कोणाच्याच मालकीचे नसल्याने प्रत्येक जण भांडवल वाढवीत जातो आणि साधनसंपत्तीपासून मिळू शकणारा अधिशेष खर्चातच विरून जातो. गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा सुप्रसिद्ध निबंध त्यानंतरचा आहे; उत्तरात हा क्रम चुकू नये.

टू-स्ट्रोक इंजिन समान शक्तीच्या डिझेल इंजिनाच्या जवळपास दुप्पट इंधन जाळते. सवलतीचे केरोसीन मुबलक होते तोवर हा दोष झाकला गेला. केंद्राकडून मिळणारा पुरवठा घटत गेला आणि २०२२ मध्ये केरोसीनच्या दराने लिटरमागे शंभर रुपये ओलांडले, तेव्हा तीन इंजिनांच्या होडीचा मालक एका इंजिनाच्या मालकापेक्षा अधिक अडचणीत सापडला. महाराष्ट्रात अशाच असमान शक्तीच्या स्पर्धेने मालवण व परिसरातील पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन नौकांचे मालक यांच्यात संघर्ष पेटला, व फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनास पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालावे लागले.

अनुदान कशावर द्यावे

दीर्घकाळ केंद्र व राज्यांच्या योजनांत पारंपरिक होडीवर इंजिन बसविण्यास अनुदान होते. होडीवाल्याला वल्ह्याच्या कष्टातून सोडविणे हा त्यामागील उद्देश रास्त होता. परंतु इंजिनावर दिलेले अनुदान हे इंजिन कशासाठी वापरले जाते याचा भेद करीत नाही. राखीव इंजिन आणि थव्यामागे धावणारे तिसरे इंजिन त्याच्या दृष्टीने सारखेच.

१० सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या, २०,०५० कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सुरक्षा साहित्य व संपर्क साधने यांसाठी साहाय्याची तरतूद आहे. सर्वसाधारण लाभार्थींसाठी साहाय्याचे प्रमाण ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींसाठी ६० टक्के आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एक लाख नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या सुमारे ३६० कोटी रुपयांच्या कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. इस्रोने विकसित केलेल्या या यंत्रणेत संदेश दोन्ही दिशांनी जातो: नौकेला हवामानाचा इशारा मिळतो व ती संकटाची खबर देऊ शकते. एका नौकेमागे हा खर्च सरासरीने सुमारे ३६,००० रुपये येतो.

या साधनाचे महत्त्व ओखी चक्रीवादळाने आधीच दाखवून दिले होते. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस केरळ आणि तमिळनाडूतील अनेक नौका दिवसेंदिवस समुद्रात होत्या आणि इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. त्यांपैकी कित्येक उत्तरेकडे येत देवगड बंदराच्या आश्रयाला पोहोचल्या. अनेक मच्छीमार परतलेच नाहीत. वादळाची वार्ताच न पोहोचलेल्या नौकेस दुसरे इंजिन फारसे वाचवू शकत नाही. जोखीम कमी करणारी साधने काही प्रमाणात परस्परांना पर्यायी असतात. त्यामुळे दर रुपयामागे किती जोखीम घटते, याचा हिशेब इंजिन, संपर्क यंत्र आणि समूहाने जाण्याची शिस्त या तिघांसाठी एकत्र करावा लागतो.

हा हिशेब आता देशाबाहेरही विचारला जात आहे. जागतिक व्यापार संघटनेचा जून २०२२ मध्ये संमत झालेला मत्स्य अनुदान करार १५ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला. बेकायदेशीर मासेमारी, अतिमासेमारीने घटलेले साठे आणि अनियंत्रित खुला समुद्र यांपुरती त्याची व्याप्ती आहे. मासेमारीची क्षमता वाढविणाऱ्या अनुदानांचा प्रश्न वाटाघाटींसाठी मागे ठेवण्यात आला, आणि नौका, इंजिन व इंधन यांवरील साहाय्य याच वर्गात चर्चिले जाते. लहान मच्छीमारांना पुरेशी मुदत व सूट मिळावी, ही भारताची भूमिका राहिली आहे. राखीव इंजिनासाठी दिलेले साहाय्य क्षमतावाढीचे मानावे की सुरक्षिततेचे, हे ठरविताना त्या इंजिनाची अश्वशक्ती मुख्य इंजिनाच्या पाव भागाइतकी आहे की बरोबरीची, एवढी एक नोंदही पुष्कळ उपयोगी पडेल. नौका नोंदणीच्या वेळी ती करणे कठीण नाही.